डावीकडचा दांडा

पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस आमच्या वस्तीत एकच आहे, आणि तो मी. हे मी स्वतःच सांगून टाकतो, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघण्यात एकतीस वर्षं गेली. एवढी वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. सुरई, कप, सफरचंद, उलटी घातलेली बादली, समोर जे ठेवाल ते कागदावर हुबेहूब! निवृत्त झाल्यावर हातातला खडू सुटला, पण बोट अजून हवेत रेघा मारत असतं. बायको म्हणते, "निदान जेवताना तरी मारू नका, पाणी सांडतं."

त्यामुळे पालिकेच्या वसाहत देखभाल विभागाचं पत्रक जेव्हा आमच्या इमारतीच्या दाराला चिकटलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि माझी छाती दोन इंच फुगली. योजनेचं नाव होतं 'एक इमारत, एक काम'. रहिवाशांनी मिळून एक दुरुस्ती ठरवायची, अर्ज करायचा, सोबत कच्चा आराखडा जोडायचा. सामान पालिकेचं, कारागीर पालिकेचा. एका इमारतीला एकच काम, आणि पुढचा नंबर दोन वर्षांनी. 'कच्चा आराखडा' हे शब्द वाचून मला हसू आलं. कच्चं म्हणून काही मी आयुष्यात काढलेलं नाही.

त्याच संध्याकाळी जिन्यात सभा भरली. आमच्याकडे सभेला वेगळी जागा नाही, त्यामुळे ज्याला जी पायरी मिळेल ती त्याची खुर्ची. तळमजल्यावर जिचं शिवणाचं दुकान आहे ती शिंपीणताई गळ्यातली टेप तशीच ठेवून आली होती.

"माझ्या दुकानापुढची मोरी," ती म्हणाली. "गिऱ्हाईक नाक धरून माप देतं. एका हाताने नाक धरलं की बाहीचं माप चुकतं."

पहिल्या मजल्यावरून गच्चीच्या टाकीची मागणी आली, दुसऱ्यावरून दिव्यांची. मी मात्र समोरच्या भिंतीला रंग द्यावा आणि त्यावर एक भव्य चित्र काढावं, असं सुचवलं. चित्र कोण काढणार, हे मी मुद्दामच बोललो नाही. ते लोकांना आपसूक सुचावं अशी माझी इच्छा होती.

लोकांना काही सुचलं नाही. बायकोला मात्र सुचलं.

"तिसऱ्या मजल्यावरचे काका आठ महिन्यांत खाली उतरलेले नाहीत," ती म्हणाली. "आधी त्यांना खाली आणा. मग भिंतीवर काय काढायचं ते काढत बसा."

जिन्यातली कुजबुज एकदम थांबली. कारण ते खरं होतं, आणि आम्हा सगळ्यांना ते रोज माहीत असून कोणीच बोललं नव्हतं.

काका म्हणजे आमचे घड्याळवाले. चौकात त्यांची टपरी होती, एक माणूस आणि एक टेबल मावेल एवढी. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या वेळा दुरुस्त केल्या. चौकातल्या वाचनालयाच्या भिंतीवरचं मोठं घड्याळही तेच बघायचे, दर आठवड्याला, कोणी सांगितलं नसताना. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय रुसून बसले. दवाखान्यातून आणलं तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी वर चढवलं. ते वर गेले ते गेलेच. आमचा जिना दोन भिंतींच्या मधून जाणारा, अरुंद, सरळसोट. चोपन्न पायऱ्या, आणि धरायला काही म्हणजे काही नाही.

"मी बघून येतो त्यांना काय हवंय ते," असं म्हणून मी वर गेलो.

काका खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "काका, जिन्याला रेलिंग बसवायचं चाललंय. तुम्हाला खाली यायचंय ना?"

त्यांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर बोट दाखवलं. मग म्हणाले, "वाचनालयाचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, सर. मला इथून दिसतं. रोज दिसतं. आणि मी इथे बसून आहे."

काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "यांचा डावा हात चांगला आहे बरं का. उतरताना डाव्या हाताला आधार मिळाला, तर बाकी मी बघते. तेवढं लक्षात ठेवा."

"काकू," मी म्हटलं, "निश्चिंत राहा. चित्र मी काढणार आहे."

हे वाक्य पुढे मला स्वप्नात ऐकू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली मुख्य दारात स्टूल टाकलं, मांडीवर फळी घेतली आणि पेन्सिलीला टोक केलं. शिंपीणताईने दुकानातून विचारलं, "सर, आत जाऊन बसा की. येणारे-जाणारे अडतायत."

"समोरून दिसतं तेच खरं," मी तिला सांगितलं. हे मी एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो आहे.

आणि काय चित्र उतरलं म्हणून सांगू! दारातून वर चढत गेलेल्या पायऱ्या, प्रत्येक पायरीच्या कडेला झिजलेला खड्डा, भिंतीवरचे पोपडे, वरून येणारा उजेड. आणि डाव्या भिंतीला धरून तळापासून टोकापर्यंत गेलेलं रेलिंग, सावलीसकट. खाली सुरेख अक्षरात लिहिलं, 'रेलिंग डावीकडे'. डावीकडे या शब्दाखाली दोन रेघा मारल्या, पट्टी न लावता. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "छान आहे. पण हे जिन्याचं काम आहे की प्रदर्शन?" मी तिकडे दुर्लक्ष केलं.

आठवड्याभरात पालिकेच्या इंजिनिअर बाई पाहणीला आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, हातात फाइल, खांद्याला पिशवी. त्यांनी जिन्याची रुंदी मोजली आणि मान हलवली.

"रुंदी कमी आहे. दोन्ही बाजूंना बसवलं तर दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकणार नाहीत, नियमात बसत नाही. एकाच बाजूला मिळेल. कुठल्या?"

मी फाइलमधलं चित्र उघडून त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि चेहरा एकदम शाळकरी झाला.

"सर! तुम्ही? मला ओळखलंत? आठवी ब."

मी ओळखलं नव्हतं. एकतीस वर्षांत आठवी ब मधून हजारभर मुलं गेली असतील. तरी मी म्हटलं, "म्हणजे काय! पहिल्या बाकावरची."

"शेवटच्या," त्या म्हणाल्या. "पण सरांनी काढलंय म्हणजे तपासायला नकोच." आणि त्यांनी चित्रावर मंजुरीची सही केली. वर जाऊन काकांना भेटायचा त्यांचा विचार होता. मी म्हटलं, कशाला उगाच तीन मजले चढताय, चित्रात सगळं आलंय.

मग वेल्डर आला. शांत माणूस, बोलणं मोजकं. सळया, पट्ट्या, ब्रॅकेट सगळं जिन्याखाली रचलं, चित्र भिंतीला टाचलं आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"सर, डावीकडे ना?"

"डावीकडे."

थोड्या वेळाने भिंतीला भोक पाडायचं मशीन हातात घेऊन पुन्हा आला. "नक्की डावीकडे?"

"अहो, चित्र बघा की. दोन रेघा मारल्यात खाली."

तिसऱ्यांदा त्याने नुसतीच मान वर केली. "सर, उतरणाऱ्यासाठी आहे म्हणता ना? म्हणून म्हटलं."

तेव्हा मी जे उत्तर दिलं ते आज आठवलं तरी कानाची पाळी गरम होते. मी म्हणालो, "तुम्ही तुमचं वेल्डिंग बघा. डावं-उजवं मी बघतो."

तो बिचारा गप्प कामाला लागला. दोन दिवस जिन्यात ठिणग्या आणि धुरळा. काकूंनी दार लावून घेतलं, शिंपीणताईने त्यांचं दूध वर नेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी रेलिंग तयार! हिरवा रंग, गुळगुळीत गोल दांडा, हाताला थंडगार. मी स्वतः त्याला धरून तीनदा वर गेलो. वर जाताना ते इतकं सुखाचं वाटत होतं की उतरताना मी ते धरलंच नाही, ही गोष्ट मला नंतर कळली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, फाइलवर 'काम पूर्ण' असा शिक्का बसला.

रविवारी सकाळी दहाला काका खाली उतरणार, असं ठरलं. अख्खी इमारत जिन्यात जमली. शिंपीणताईने दुकानापुढे खुर्ची मांडली होती, तिच्यावर नवं कापड टाकलं होतं. वेल्डरही मुद्दाम आला होता. मी वरच्या दाराशी उभा होतो, कारण चित्रकाराने मानाच्या जागी उभं राहायला हवं.

दार उघडलं. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, केस विंचरले होते आणि पायात बूट होते. आठ महिने पलंगाखाली पडलेले ते बूट काकूंनी पॉलिश करून चमकवले होते. काठी टेकत काका पहिल्या पायरीच्या टोकाशी आले. काठी काकूंकडे दिली. डावा हात बाजूला लांबवला.

हात भिंतीला लागला. नुसत्या भिंतीला.

त्यांनी हात थोडा वर केला, थोडा खाली केला, भिंतीवरून चाचपत पुढे नेला. मग मान वळवून उजवीकडे बघितलं. तिथे हिरवा दांडा लखलखत होता, ज्या हाताने पेलाही धरता येत नाही त्या हाताच्या शेजारी.

जिन्यात इतकी शांतता झाली की खाली शिंपीणताईचं मशीन बंद आहे हेही ऐकू आलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. त्यावरून कळलं की सगळ्यांना कळलं आहे. खालून बघताना जे डावं, ते वरून बघताना उजवं असतं, ही गोष्ट आठवी ब ला शिकवावी लागत नाही. ती मला वयाच्या साठीनंतर, भर जिन्यात, सगळ्यांसमोर समजली.

काका हळूच म्हणाले, "काम सुंदर झालंय, सर. चढायला अगदी उत्तम."

एवढं बोलून ते वळले आणि आत गेले. मी काकूंकडे बघू शकलो नाही. त्यांनी जाताना माझ्या दंडाला हात लावला, तो राग नव्हता, आणि त्यामुळे जास्तच लागलं.

घरी आलो. बायकोने चहा दिला, काही बोलली नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिच्या न बोलण्याचे दोनच प्रसंग आले, त्यातला हा दुसरा. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "उद्या ऑफिसात जा. आणि या वेळी चित्र घेऊन जाऊ नका."

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात. तक्रार खिडकीवरच्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"पूर्ण झालेलं काम हलवायचं म्हणजे नवीन काम. दोन वर्षांनी या. नाहीतर सदोष कामाची तक्रार करा, मग आठ दिवसांत हलवून मिळेल. दोष कोणाचा त्यावर खूण करा."

मी फॉर्म बघितला. चौकटी दोनच होत्या. एकीपुढे 'कारागीर', दुसरीपुढे 'सामान'.

"यात रहिवाशाची चूक असेल तर?"

"तशी चौकट नाही."

"का नाही?"

"साहेब, मी इथे बावीस वर्षं आहे," कारकून म्हणाला. "स्वतःची चूक झाली म्हणून अजून एकही रहिवासी आलेला नाही. मग चौकट कोणासाठी छापायची?"

"आणि कारागिरावर खूण केली तर त्याचं काय होतं?"

"यादीतून नाव जातं."

खोटं कशाला सांगू, माझं पेन त्या चौकटीवर जाऊन टेकलं होतं. एक खूण आणि आठ दिवसांत काका खाली! नंतर वेल्डरची समजूत घालता येईल, त्याला कुठेतरी दुसरं काम बघून देता येईल, असे विचार भराभर येऊन गेले. पण त्याचं ते तिसऱ्यांदा मान वर करणं डोळ्यांपुढून हलेना. उतरणाऱ्यासाठी आहे म्हणता ना, म्हणून म्हटलं. सगळ्या वस्तीत हा प्रश्न फक्त त्या एका माणसाला पडला होता.

मी पेन उचललं आणि फॉर्मवर तिसरी चौकट काढली. चार सरळ रेघा, पट्टी न लावता. पुढे लिहिलं, 'चित्र काढणारा'. आणि आत ठसठशीत खूण केली.

कारकुनाने फॉर्म उलटसुलट करून बघितला. छापील चौकटीत आणि माझ्या चौकटीत त्याला फरक कळेना. मग अक्षर बघून त्याने डोक्याला हात लावला आणि आत हाक मारली, "मॅडम, जरा इकडे या. हा फॉर्म कुठल्या फाइलला लावू?"

इंजिनिअर बाई आल्या. फॉर्म वाचला आणि मला आत त्यांच्या टेबलाशी नेऊन बसवलं. मी सगळं सांगितलं, स्टुलापासून बुटांपर्यंत. बाईंनी टेबलावरचा चहाचा कप माझ्यासमोर मधोमध ठेवला.

"सर, आठवीत तुम्ही वर्गाच्या मधोमध टेबलावर असाच कप ठेवला होता. कपाचा कान उजवीकडे होता. मी डावीकडे काढला म्हणून तुम्ही माझे पाच गुण कापलेत."

"असेल," मी म्हटलं. "जे दिसतं ते काढायला नको का?"

"मी टेबलाच्या पलीकडे बसले होते, सर."

मी त्या कपाकडे बघितलं. कान माझ्या उजव्या हाताला होता. मग त्यांच्याकडे बघितलं. पलीकडे. एकतीस वर्षं वर्गातली निम्मी मुलं टेबलाच्या पलीकडेच बसायची, आणि मी एकदाही उठून पलीकडे गेलो नव्हतो.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "दोन्ही वेळा."

"माझंही. मी वर जाऊन काकांना भेटायला हवं होतं. तुमचं चित्र म्हणून सही केली." त्यांनी फाइल उघडली, नाकावर पेन टेकवून विचार केला आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला. "सर, एक सांगू? हलवून तरी काय होणार? उतरताना डाव्या हाताला आलं की चढताना उजव्या हाताला येईल. काका खाली जातील, पण वर कसे येतील?"

दोन्ही बाजूंना नियम बसू देत नाही, आणि एका बाजूला बसवलं तर अर्धाच प्रवास होतो. हे मला सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं नव्हतं, इमारतीतल्या एकालाही सुचलं नव्हतं. सगळे आपले हात शाबूत धरून विचार करत होते.

"चला," बाई उठल्या. "आधी त्यांना भेटते."

वाटेत आम्ही फारसं बोललो नाही. काकांना काय तोंड दाखवायचं, याची मी वाक्यं जुळवत होतो आणि एकही धड जुळत नव्हतं. दारात पोचलो तर शिंपीणताई जिन्याच्या तळाशी उभी, मान वर, आणि ओठांवर बोट.

"हळू," ती म्हणाली. "मधे बोलू नका. मोजणं चुकेल."

वरून काकूंचा आवाज येत होता. "एकवीस. थांबा जरा. टेकला पाय? बावीस."

आम्ही तिघं चढून पहिल्या मजल्याच्या वर गेलो आणि मी जागच्या जागी थिजलो. काका खाली येत होते, पाठ आमच्याकडे करून. तोंड वरच्या मजल्याकडे, डावा हात त्या हिरव्या दांड्यावर घट्ट, आणि एकेक पाय मागे, खालच्या पायरीवर. त्यांच्या वरच्या पायरीवर काकू. त्या सरळ उतरत होत्या, उजवा हात त्याच दांड्यावर, आणि डाव्या हातात काकांचा तो रुसलेला उजवा हात धरलेला.

"काका," मी घाबरून म्हटलं, "हे काय?"

"कोण, सर का?" काकांनी मान वळवली नाही. "तुम्हाला म्हटलं होतं ना, चढायला उत्तम आहे. रात्रभर विचार केला. मग म्हटलं, तोंड चढायचं ठेवू, पाय उतरायचे टाकू. दांड्याला काय कळतंय."

"तेवीस," काकू म्हणाल्या. "बोलू नका हो, पायाकडे लक्ष द्या."

"पाय मागे आहेत. मला दिसत नाहीत."

"मग माझ्याकडे बघा."

जिना अरुंद. ते खाली येणार म्हणजे आम्हाला मागे सरकायला हवं, आणि पाठ फिरवावी असं आम्हा तिघांनाही वाटेना. त्यामुळे मी, माझ्यामागे पालिकेच्या इंजिनिअर बाई आणि त्यांच्यामागे शिंपीणताई, असे सगळेच उलटे उतरू लागलो. मी दोन्ही हात पसरून काकांच्या मागे, काही झालं तर झेलायला. खालून कोणी आलं असतं तर अख्खी इमारत मागे चालली आहे असंच वाटलं असतं.

आणि त्या पसरलेल्या हातांच्या जागेवरून, काकांच्या खांद्यावरून, मला काकूंचा चेहरा दिसत होता. तो कसा होता ते मला काढता येणार नाही. मी एवढंच सांगतो की त्या आकडे मोजत होत्या आणि लाजत होत्या.

काकूंनी चोपन्न म्हटलं. काका वळले, रस्ता बघितला, आणि शिंपीणताईने पुढे केलेल्या खुर्चीवर बसले. खुर्चीवरच्या कापडाचा एक कोपरा डोळ्यांना लावला. आम्ही तो मान खाली घातल्यामुळे बघितला नाही, असं दाखवलं.

थोडा वेळ गेल्यावर इंजिनिअर बाई काकूंजवळ जाऊन बसल्या. "काकू, फाइलवर शेरा लिहावा लागेल. हे रेलिंग दुसऱ्या भिंतीला हलवायचं असेल तर मी वर भांडते. रोज असं उलटं उतरणं धोक्याचं आहे. चढायचं मग आपण काहीतरी बघू."

"नको," काकू पटकन म्हणाल्या.

"त्रास होईल हो तुम्हाला."

"नको म्हटलं ना." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "पन्नास वर्षं संसार केला. हे सकाळी मान खाली घालून जायचे, रात्री मान खाली घालून जेवायचे. डोळे दुखायचे बिचाऱ्यांचे, मला तक्रार नाही. पण आज तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत माझ्याकडे बघत आले. एकदाही नजर खाली नाही. चोपन्न पायऱ्या." त्यांनी पदराचं टोक सोडून दिलं. "तो दांडा आहे तिथेच राहू दे."

बाईंनी फाइल उघडली. मग लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. रेलिंग योग्य बाजूस आहे. उतरताना एक माणूस खाली उभा असावा.' खाली सही केली. तो खाली उभा राहणारा माणूस कोण, हे कोणी मला विचारलं नाही. संध्याकाळी पाचला मी आपोआप दोन पायऱ्या खाली, हात पसरून हजर असतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या नेमाने जाताना बायकोने कधी बघितलं नव्हतं, असं तिचं म्हणणं आहे.

काका आता रोज चौकात जातात. वाचनालयाचा शिपाई शिडीवर चढतो, काका खुर्चीतून सांगतात, आणि घड्याळ बरोबर चालतं. वेल्डर मधे एकदा येऊन सगळे ब्रॅकेट हलवून बघून गेला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे, सर. पुढच्या वेळी मी चौथ्यांदा विचारीन."

इथे खरं तर थांबायला हवं. पण काकूंचं ते बोलणं माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं. आमच्याही संसारात मी बहुतेक वेळ कागदाकडेच बघत आलो. म्हणून परवा बायकोबरोबर बाजाराला निघताना मी तिला वरच्या पायरीवर थांबवलं, दांडा डाव्या हाताने धरला, तिच्याकडे तोंड केलं आणि उलटा उतरू लागलो. एक पायरी, दोन पायऱ्या, तिच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. तीही माझ्याकडे बघत होती. पाचव्या पायरीवर तिचे डोळे बारीक झाले, ती जरा पुढे वाकली आणि म्हणाली,

"अहो, दाढी नीट झालेली नाही. डावीकडे."

ते तिचं डावं की माझं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी सरळ वर गेलो आणि दोन्ही गाल पुन्हा खरवडले.